गणिताच्या वहीचे शेवटचे पान

पत्र

‘सव्वा वर्षापूर्वी माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे जवळजवळ गेले. त्यांना समजते बरेचसे, पण शब्द येत नाहीत. घर माझ्या नोकरीवर चालते, म्हणून मी सकाळी नऊला निघते ती संध्याकाळी सातच्या सुमारास परत येते. सासूबाई घरात असतात, पण त्यांच्याने ह्यांना उठवत नाही. मदतीला येणाऱ्या बाई चार महिन्यांपूर्वी यायच्या बंद झाल्या आणि तेव्हापासून दीड वाजता शाळेतून आल्यावर माझा चौदा वर्षांचा मुलगाच सारे बघतो. उठवणे, बसवणे, भरवणे, औषधे, कपडे बदलणे, सारे काही. रात्री त्यांनी हाक दिली तर आधी त्यालाच जाग येते. धाकटी आठ वर्षांची आहे, तिचा अभ्यासही तोच घेतो.

दोन आठवड्यांपूर्वी वर्गशिक्षिकांनी बोलावून सांगितले, की तो पहिल्या तासाला झोपतो, बाकाखाली फोन लपवून बघत असतो आणि महिन्यात पाच दिवस शाळेत आलेलाच नाही. त्यातल्या तीन दिवसांची मला कल्पनाही नव्हती. घरी येऊन मी त्याचे दप्तर उघडले. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर एका बाजूला बाबांच्या औषधांच्या वेळा लिहिलेल्या होत्या, दुसऱ्या बाजूला मी रोज किती वाजता घरी आले ते. सात दहा, सहा पंचावन्न, सात चाळीस. त्यातल्या सात चाळीसला खाली दोन रेघा होत्या.

नातेवाईक, शेजारी, सगळे त्याचे तोंड भरून कौतुक करतात. मीही करते. माझे काही चुकते आहे का? मदत मागायची तर ती कोणाकडे? आणि मागितली, तर “पोराला राबवते” असे म्हणून कोणी मुलालाच आमच्यापासून दूर केले तर?’

– एक आई

उत्तर

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या दोन रेघांपाशी थांबले. औषधांच्या वेळा कोणीही जबाबदार मूल लिहून ठेवील. परंतु आईच्या परतण्याची नोंद ठेवणारे मूल रोज दुपारपासून एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत असते, की आपली सुटका किती वाजता होणार. ही तक्रार त्याने तुमच्याकडे तोंडाने केलेली नाही, कारण ‘आईला आधीच किती त्रास आहे’ हे त्याला पुरते ठाऊक आहे. त्याने ती वहीत मांडून ठेवली. तुम्ही ती वाचलीत आणि वाचून मला लिहिलेत, ह्यातच अर्धे काम झाले आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. मुलाने आजारी वडिलांची सेवा करणे चूक नाही. घरात दुखणे आले की लहानमोठ्या सगळ्यांनाच हात लावावा लागतो, आणि त्यातून मुलांना समजूतदारपणा, धीर, दुसऱ्याची वेदना ओळखण्याची नजर ह्या गोष्टी खरोखरच मिळतात. चूक कोठे होते, तर काम मुलाच्या वयाला आणि अंगाला न पेलणारे असते तेव्हा. ते त्याच्या झोपेतून, शाळेतून आणि खेळातून वेळ कापून घेते तेव्हा. आणि मुख्य म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची वाट त्याच्यासाठी उघडी नसते तेव्हा. तुमच्या घरी आज ह्या तिन्ही गोष्टी एकदम घडत आहेत. ह्यात तुमचा गुन्हा नाही. चार महिन्यांपूर्वी एक मोठे माणूस घरातून कमी झाले आणि त्या माणसाची जागा, कोणी ठरवले नसतानाही, चौदा वर्षांच्या मुलाने भरून काढली, एवढे घडले आहे.

म्हणून माझे सांगणे एकच आहे आणि पुढचे सगळे त्याचाच विस्तार आहे. मुलाला मदत करायची असेल, तर आधी वडिलांची मदत वाढवा. ‘मुलाचे अभ्यासात लक्ष कसे लागेल’ ह्या प्रश्नापासून सुरुवात केलीत, तर त्याला शिकवणी, वेळापत्रक, समज अशा गोष्टी मिळतील आणि दुपारी दीड वाजता तो पुन्हा त्याच खाटेपाशी उभा असेल. ‘दीड ते सात ह्या वेळेत ह्यांच्याजवळ मोठे माणूस कोण असेल’ हा प्रश्न धरलात, तर झोप आणि अभ्यास ह्यांची वाट बरीचशी आपोआप मोकळी होईल.

हे माझे एकटीचे मत नाही. अशा मुलांना इंग्लंडमध्ये ‘यंग केअरर’ म्हणतात; आपण काळजीवाहू मुले म्हणू. तेथे २०१४ साली झालेल्या कायद्याने, दुसऱ्याची काळजी घेणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलाच्या गरजा तपासण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली, आणि त्या तपासणीत ‘हे काम ह्या मुलाने करणे योग्य आहे का’ हेही पाहणे बंधनकारक केले. नॉर्वे आणि स्वीडन ह्या देशांनी २०१० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांवर, रुग्णाला अल्पवयीन मुले असतील तर त्यांच्या गरजांकडेही लक्ष देण्याची कायदेशीर जबाबदारी घातली आहे. जपानने २०२४ मध्ये काळजीवाहू मुलांना कायद्यात स्थान दिले. त्याआधी तेथील सरकारी पाहणीत आठवीच्या वयाच्या साधारण सतरा मुलांमागे एक मूल घरात कोणाची तरी काळजी घेत असल्याचे आढळले होते. हे सारे येथे मांडण्याचा हेतू एवढाच, की तुमचा मुलगा जगावेगळा नाही, आणि त्याच्या वर्गातही त्याच्यासारखे आणखी एखादे मूल गप्प बसलेले असू शकते.

आता कामांकडे वळू. ह्या आठवड्यात एका संध्याकाळी कागद घेऊन बसा आणि तो दिवसभरात जे जे करतो ते सगळे लिहा, अगदी रात्री कूस बदलून देण्यापर्यंत. त्या यादीतली काही कामे त्याच्याकडून लगेच काढून घ्यावी लागतील, काही हळूहळू, आणि काही त्याला हवी असतील तर त्याच्याकडेच राहू द्यावी लागतील.

लगेच काढून घ्यायचे पहिले काम म्हणजे उचलणे. मोठ्या माणसाचे निम्मे अंग सैल असते तेव्हा त्याचे वजन आहे त्याहून जास्त जाणवते, आणि वाढत्या वयातल्या मुलाची पाठ त्यासाठी नसते. धोका वडिलांनाही आहे. घाईत लुळ्या हाताला धरून ओढले, की खांदा सांध्यातून सरकतो आणि ते दुखणे महिनोन्‌महिने पुरते. फिजिओथेरपिस्टला घरी बोलावता आले तर उत्तम, नाहीतर पुढच्या तपासणीच्या वेळी त्यांच्याकडे केवळ ह्याच कामासाठी वेळ मागा: खाटेवरून खुर्चीत कसे आणायचे, खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला कशी लावायची, चाकांचे ब्रेक, कमरेला बांधायचा पट्टा, खाटेची उंची. हे प्रात्यक्षिक तुम्ही शिका आणि जे मोठे माणूस मदतीला येईल त्याला शिकवा. पट्टा, कठडा, खाटेशेजारी ठेवायची कमोड खुर्ची ह्या साध्या वस्तूंनी उचलण्याचे किती प्रसंग टळतात, हे बऱ्याच कुटुंबांना वर्ष-वर्ष कोणी सांगतच नाही. घरात कोणती वस्तू कोठे बसवावी हे पाहणे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे काम असते. त्यांची भेट झालेली नसेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी मागून घ्या.

दुसरे काम शरीरधर्माचे. ह्याबद्दल पत्रात तुम्ही ‘कपडे बदलणे’ एवढेच लिहिले आहे आणि बाकीचे मी समजले. वडिलांची स्वच्छता करणे हे मुलाने एखाद्या अडचणीच्या दिवशी केले तर बिघडत नाही. पण रोज, चौदाव्या वर्षी, स्वतःचे शरीर बदलत असताना, ज्या माणसाचा कालपर्यंत धाक होता त्याच्या बाबतीत ते करावे लागणे फार अवघड असते, आणि वडिलांना त्याहून अवघड. बोलता येत नसल्यामुळे ते आपला संकोच सांगूही शकत नाहीत. पुष्कळदा तो चिडचिडीतून, हात झिडकारण्यातून बाहेर पडतो आणि मुलाला वाटते, की बाबा आपल्यावर रागावले. हे काम मोठ्या माणसाकडेच असावे, शक्य असेल तर पगारी आणि शिकलेल्या माणसाकडे.

भरवण्याबाबत एक गोष्ट विचारून घ्याच. पक्षाघातानंतर अनेकांची गिळण्याची क्रिया बिघडते, आणि अन्नपाणी श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. ह्यांना खाताना ठसका लागत असेल, खाल्ल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. तोपर्यंत त्यांना सरळ बसवूनच भरवावे आणि नंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. असा धोका असताना भरवणे ही मुलाची जबाबदारी असू नये. औषधांचे सोपे आहे: आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डब्यात तुम्ही भरा आणि वेळेवर हातात द्यायचे काम सासूबाईंकडे द्या, म्हणजे वहीतली ती पहिली यादी त्याच्या डोक्यातून उतरेल.

रात्रीबद्दल मी थोडी कठोर होणार आहे. रात्रीचे काम आजपासून त्याचे नाही. पूर्वी एका कुटुंबात मी एक मुलगा पाहिला होता. आईने हाक मारली आणि आपल्याला जाग आली नाही तर काय, ह्या भीतीने तो मनगटाला दोरी बांधून झोपत असे आणि दोरीचे दुसरे टोक आईच्या खाटेला असे. सकाळी शाळेत त्याच्या मनगटावर वळ दिसायचे. तेथे उपाय फार मोठा नव्हता. एक बिनतारी घंटा आणली, तिचे बटण आईच्या उशाशी ठेवले आणि घंटा मावशीच्या खोलीत लावली. तुमच्याकडे ती तुमच्या उशाशी लावा, मुलाला शक्यतो लांबच्या खोलीत झोपू द्या आणि त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, की रात्री आवाज आला तरी उठायचे नाही, आई उठेल. पहिले आठ-दहा दिवस तो तरीही उठेल. तुम्ही खरोखर उठता हे त्याला दिसले, की मग झोपेल. तुमच्या झोपेचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि म्हणूनच बाहेरची मदत हवी.

ती कोणाकडे मागायची? सुरुवात उपचार चालू असलेल्या रुग्णालयापासून करा. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. लोक त्यांच्याकडे बिलाची सवलत मागायला जातात, पण घरची व्यवस्था कशी लावायची हे पाहणेही त्यांचेच काम आहे. त्यांना ‘आम्हाला मदत हवी’ असे मोघम सांगू नका. ‘दुपारी दीड ते सात ह्या वेळेत रुग्णाची सगळी कामे चौदा वर्षांचा मुलगा करतो आणि त्यामुळे त्याची शाळा बुडते’, हे वाक्य असेच्या असे सांगा आणि केसपेपरवर नोंदवायला लावा. डॉक्टरांनाही हेच सांगा. डॉक्टर ‘घरी काळजी घेणारे कोणी आहे ना’ असे विचारतात, आपण ‘हो’ म्हणतो, आणि तो ‘कोणी’ किती वर्षांचा आहे हे कागदावर कधी येतच नाही. घरी येणारी परिचारिका, दिवसभराचे पुनर्वसन केंद्र, अपंगत्वाचा दाखला आणि त्यावर मिळणारे लाभ, पक्षाघाताच्या रुग्णांचे आणि कुटुंबीयांचे आधारगट ह्यांपैकी तुम्ही राहता तेथे काय उपलब्ध आहे ते त्यांच्याकडून लिहून घ्या. आधारगटात जायला वेळ कोठला, असे वाटेल. पण भरवशाची मदतनीस बाई कोठे मिळते, जुनी चाकांची खुर्ची कोणाकडे आहे, हे अशा गटातच सर्वांत लवकर कळते.

दुसरी जागा तुमचे कामाचे ठिकाण. नोकरी सोडू नका, हे तुमचे बरोबर आहे. मात्र वेळ बदलून, काही दिवस घरून काम करून किंवा आठवड्यातले दोन दिवस लवकर निघून त्या साडेपाच तासांतला थोडा भाग तरी तुमच्या हाती येतो का, हे लेखी विनंती करून विचारा. तोंडी विचारलेले तोंडीच नाकारले जाते.

तिसरी जागा ती तोंड भरून कौतुक करणारी माणसे. ‘काही लागले तर सांगा’ असे जे म्हणतात त्यांच्यापैकी बहुतेकांना मनापासून काहीतरी करायचे असते, पण नेमके काय ते कळत नाही. त्यांना वार आणि वेळ ठरवून द्या. एका दिराला मंगळवार-गुरुवारी दुपारी दोन ते पाच, एका शेजाऱ्यांना शनिवारी सकाळी, कोणाला औषधे आणून देणे, कोणाला धाकटीचा अभ्यास. जो ‘जमणार नाही’ म्हणेल त्याचा राग धरू नका, पुढच्याला विचारा. आणि ह्या सगळ्यांना एक गोष्ट हात जोडून सांगा, की मुलाला ‘आता तूच घरातला कर्ता’ असे म्हणू नका. बोलणाऱ्याला तो आशीर्वाद वाटतो, पण कर्त्या माणसाने दमायचे नसते, चिडायचे नसते आणि मैदानावर जायचे नसते, हेही ते मूल त्यातूनच शिकते. तुम्ही स्वतः कौतुक थांबवू नका, फक्त त्याची जागा बदला. त्याने बाबांना किती सांभाळले ह्यापेक्षा त्याने काढलेल्या चित्राचे, मारलेल्या गोलचे, केलेल्या विनोदाचे कौतुक करा.

शाळेकडे जाताना संकोच करू नका. वर्गशिक्षिकांनी तुम्हाला बोलावून घेतले, ह्यावरून त्या लक्ष देणाऱ्या आहेत असे दिसते. सध्या त्यांच्या समोर असलेला मुलगा आळशी, फोनवेडा आणि शाळा चुकवणारा आहे. खरा मुलगा कोण आहे हे त्यांना माहीत नाही. त्यांना एक छोटे पत्र द्या: वडील आजारी आहेत, मुलगा घरी काळजी घेतो, आम्ही ते कमी करण्याच्या मागे आहोत आणि पुढचे काही महिने शाळेचे सहकार्य हवे आहे. मागायचे ते नेमके मागा. तो बाकाखाली फोन बघतो, कारण घरून काही निरोप आला का ही धास्ती त्याला असते. फोन शिक्षकांच्या खोलीत ठेवून, खरीच निकड आली तर घरच्या माणसाने शाळेच्या क्रमांकावर कळवायचे आणि शिक्षिकांनी त्याला बोलवायचे, असे ठरले तर ती धास्ती निम्म्याने उतरेल. गृहपाठाला एक-दोन दिवसांची सवलत, बुडालेल्या भागाच्या वह्या, शाळेत समुपदेशक असतील तर आठवड्यातून एक भेट, आणि मन मोकळे करायला एकच ठरलेले शिक्षक, एवढे पुरे. ही माहिती वर्गात जाहीर होऊ नये, हेही पत्रातच लिहा. मुलांना दया नको असते. आणि हे पत्र देण्यापूर्वी ते त्याला वाचून दाखवा, त्याला खटकेल ते खोडू द्या.

आता तुमची भीती. ‘मुलालाच दूर केले तर?’ ही भीती अशा बहुतेक पालकांना असते, आणि तीच अनेक कुटुंबांना वर्षानुवर्षे गप्प ठेवते. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ मध्ये बालहक्कांची जी संहिता स्वीकारली तिच्या नवव्या कलमात, मुलाच्या हितासाठी आवश्यक ठरल्याखेरीज त्याला त्याच्या आईवडिलांपासून वेगळे करू नये असे म्हटले आहे, आणि अठराव्या कलमात मुलांच्या संगोपनात पालकांना साह्य करणे हे शासनाचे कर्तव्य सांगितले आहे. विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क एकतिसाव्या कलमात आहे. म्हणजे मदत मागणारा पालक हा त्या संहितेच्या बाजूनेच उभा असतो. काळजी वाटते ती मदत न मागणाऱ्या, मुलाची शाळा सुटल्याचे लपवणाऱ्या घराची. तुमच्या हातात कामांची यादी, शाळेला दिलेले पत्र आणि रुग्णालयातली नोंद असेल, तर कोणीही विचारले तरी तुम्ही काय करत आहात हे कागदावरच दिसेल. राहिले लोकांचे बोलणे. पोराला राबवते असे म्हणणाऱ्यांपैकी कोणी दुपारी दीड वाजता येऊन बसत असेल, तर त्याचे ऐका.

मुलाशी बोलायचे ते ह्या सगळ्याच्या आधी, पण वहीचे पान पुढ्यात टाकून नव्हे. दप्तर उघडले होते हे मात्र लपवू नका. सांगून टाका आणि माफी मागा. शक्यतो चालताना किंवा एखादे काम करताना बोला, समोरासमोर बसवून विचारले की ह्या वयाची मुले ‘काही नाही’ म्हणून मोकळी होतात. ‘तू फार केलेस. इतके तुझ्यावर पडायला नको होते. आता मी बदल करणार आहे, आणि त्यात तुझे मत हवे आहे’, अशा सरळ शब्दांत सांगा. तो कदाचित दुखावेल. ‘मी नीट करत नाही का?’ असे विचारील, कारण गेले चार महिने त्याची ओळखच त्या कामावर उभी आहे. म्हणून सगळेच एका झटक्यात काढून घेऊ नका. बाबांसाठीचे कोणते काम त्याला स्वतःला आवडते, हे विचारा. कोणाला संध्याकाळी शेजारी बसून सामना बघायचा असतो, कोणाला बोलण्याचा सराव घ्यायचा असतो. ते काम त्याच्याकडे राहू द्या, आणि एखाद्या दिवशी नको वाटले तर न करण्याची मोकळीक त्यासोबत द्या.

आजाराबद्दल त्याला खरे सांगा, कारण न सांगितलेल्या जागा मुले भीतीने भरतात. बाबांना वाचाघात झाला आहे, म्हणजे मेंदूतला भाषेचा भाग दुखावला आहे. बुद्धी, आठवणी आणि माया गेलेली नाही. त्यांच्याशी छोट्या वाक्यांत, एका वेळी एकच गोष्ट बोलावी, हो-नाही असे उत्तर देता येईल असे विचारावे, चित्र किंवा खूण वापरावी आणि उत्तराची वाट बघावी. त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये. त्यांचे एकाएकी रडणे किंवा चिडणे हे पुष्कळदा त्या इजेमुळेच असते, मुलाच्या चुकीमुळे नसते. पक्षाघातानंतर साधारण तीन रुग्णांपैकी एकाला नैराश्य येते आणि त्यावर औषध असते. ह्यांच्या बाबतीत ते कोणी तपासले नसेल तर डॉक्टरांना विचारा, कारण वडिलांचे मन थोडे सावरले की सगळ्या घराचा ताण हलका होतो.

त्याच्या मनात आणखी एक भीती असणार: मी एकटा असताना दुसरा झटका आला तर? ह्यावर ‘असे बोलू नये’ हे उत्तर देऊ नका. एक कागद भिंतीवर लावा. तोंड नव्याने वाकडे होणे, चांगला असलेला हात किंवा पाय एकदम गळणे, दृष्टी अचानक जाणे, शुद्ध हरपणे, म्हणजेच नेहमीपेक्षा वेगळे असे काहीही दिसले तर आधी रुग्णवाहिका, मग आई, मग शेजारी. तिन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा, खाली चालू औषधांची यादी ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून वेळ लिहून ठेवायची. एवढे केले की त्याचे काम संपले, पुढे जे होईल ते त्याच्या हातात नाही, हे वाक्यही त्या कागदावर असू द्या.

ह्या सगळ्या बोलण्यात त्याच्या वडिलांना बसवून घ्या. मुलाच्या पाठीमागे आणि त्यांच्या डोक्यावरून निर्णय झाले, तर ते स्वतःला ओझे समजू लागतील. ते अजून बाप आहेत आणि त्यांनी बापाची कामे करावीत. प्रगतिपुस्तकावर डाव्या हाताने सही करायला त्यांना सांगा. अक्षर वेडेवाकडे येईल, वेळ लागेल, पेन एक-दोनदा खाली पडेल, पण त्या वेळेपुरता मुलगा मुलगा असेल आणि बाप बाप. धाकटीलाही विसरू नका. ती काम करत नाही, पण बघते सगळे. आठवड्यातला एक तास फक्त तिचा आणि तुमचा ठेवा, आणि तिचा अभ्यास भावाकडून काढून घ्या.

काही खुणा दिसल्या तर मात्र आधारगट आणि वेळापत्रक ह्यांच्यावर थांबू नका. दोन-तीन आठवडे झोप उडाली, जेवण तुटले, मित्र पूर्ण सुटले, शाळेचे नाव काढले की पोटात दुखू लागले, किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही तो बोलला, लिहिले, तर त्याच दिवशी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकांकडे जा. अनेक देशांत मुलांसाठी विनामूल्य मदत-दूरध्वनी आहेत. तुमच्या भागातला क्रमांक आजच शोधून त्याच्या फोनमध्ये घालून ठेवा आणि ‘मला न सांगताही तू तेथे बोलू शकतोस’ असे त्याला सांगा.

तुमच्याबद्दल मी कमी लिहिले, कारण तुम्ही स्वतःबद्दल काहीच विचारले नाहीत. दहा तास बाहेर आणि उरलेला दिवस सेवेत, अशी सव्वा वर्षे काढलेल्या माणसाची स्वतःची तपासणी राहून गेलेली असते. ती करून घ्या, आणि दीर वगैरे जे वार वाटून घेतील त्यांतला एक वार तुमच्या झोपेसाठी असू द्या.

सोमवारी दोनच गोष्टी करा: सकाळी रुग्णालयाच्या समाजसेवकांची वेळ घ्या, आणि शाळेच्या पत्राचा कच्चा खर्डा मुलाला वाचून दाखवा. घरी यायला उशीर होणार असेल तर निघण्याआधी कळवा, पण त्याच्या फोनवर नको. जे मोठे माणूस त्या वेळी घरात असेल त्याच्या फोनवर. दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. कामांच्या यादीतल्या कोणत्या ओळी खोडल्या गेल्या आणि कोणत्या अडून बसल्या ते कळवा, म्हणजे अडलेल्या ओळींचे काय करता येईल ते पाहू.